व्यसनांविषयी नवे संशोधन आणि आपल्या वसतिगृहाचा नियम

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सकाळच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'व्यसने' असे उत्तर दिले. त्यावर ते किंचित हसले, आणि त्या हसण्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला. गुरुजी उभे राहिले म्हणजे दारूने धुळीस मिळालेल्या संसाराचे वर्णन होणार, दोन सुभाषिते होणार आणि अखेरीस मुलांस हात पुढे करावयास लावून प्रतिज्ञा घेतली जाणार, हे आपल्या समाजाने गृहीत धरलेले आहे. ते खोटेही नाही. ३८ वर्षांच्या नोकरीत अशा प्रतिज्ञा आम्ही किती मुलांकडून घेतल्या याची मोजदाद नाही. आज मात्र आम्ही कोणाकडूनही प्रतिज्ञा घेणार नाही. प्रतिज्ञेविषयीच आम्हांस काही सांगावयाचे आहे, आणि त्या ओघात आमच्या हातून घडलेली एक गोष्टही सांगावयाची आहे.

प्रथम आमच्या अधिकाराविषयी. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे शिक्षकी प्रमाणपत्र घेतले आणि प्राथमिक शाळेत आयुष्य काढले. वैद्यकाचा वा मानसशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. परंतु आमची पुतणी पुण्यास मानसशास्त्र शिकविते. गेल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत तिने या विषयावरील बरेच संशोधन आम्हांस वाचून, मराठीत उलगडून सांगितले, आणि आम्ही विद्यार्थ्याप्रमाणे वहीत टिपणे काढली. जेथे समजले नाही तेथे दोनदा विचारले. दुसरा अधिकार अनुभवाचा. आम्ही स्वतः २७ वर्षे तंबाखू खाल्ली. हे ऐकून मागील रांगेतील आमचे काही जुने विद्यार्थी एकमेकांस कोपराने ढोसत आहेत, ते येथून दिसते. त्यांस ते तेव्हाही ठाऊक होते.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने मधल्या सुट्टीत मळलेली चिमूट आमच्या हातावर ठेवली. पुढे चंची आमची झाली, चुन्याची डबीही आमची झाली. ती सोडण्याचा यत्न आम्ही चार वेळा केला. पहिल्या वेळी पंढरपुरास चंद्रभागेत चंची सोडली, विठोबास हात जोडले, आणि परतीच्या एस. टी.त टेंभुर्णी येण्यापूर्वीच शेजारच्या प्रवाशाकडे चिमूट मागितली. दुसरी शपथ आईच्या पायांवर हात ठेवून घेतली. ती तीन आठवडे टिकली. तिसरी सांगण्यासारखी नाही. चौथ्या वेळी, २००६ साली, दातांच्या डॉक्टरांनी गालाच्या आतील पांढरा चट्टा आम्हांस आरशात दाखविला. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाची कपाटे आमच्याकडे सोपविली, त्यामुळे त्या कोपऱ्यातील मंडळींत बसणे आपोआप सुटले. आणि घरच्यांनी खिशात बडीशेपेची डबी ठेविली. त्या वेळी सुटली ती आजतागायत. परंतु आमच्या घरासमोरच शाळा आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की आजही आमचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरू लागतो. आम्ही वर्तमानपत्र वाचीत असतो, मनात तंबाखूचा विचारही नसतो. अंगठ्यास मात्र घंटा ऐकू येते.

आम्ही एकटेच असे नव्हतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू घेत होते, आणि त्यांतील बहुतेक विडी-सिगारेट ओढणारे नव्हेत, तर चघळणारे आणि मिश्री लावणारे होते. म्हणजे दर चार माणसांत एक. या सभागृहातही हिशेब फारसा वेगळा नसावा.

या अंगठ्याचे कोडे उलगडू लागले ते १९५४ साली. कॅनडातील माँट्रियल येथे ओल्ड्स आणि मिल्नर या दोघा संशोधकांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवून असा खटका ठेवला की, तो दाबला म्हणजे विजेचा सूक्ष्म स्पर्श मेंदूच्या एका भागास व्हावा. उंदीर तो खटका पुन्हा पुन्हा दाबीत राहिला. पुष्कळांनी यावरून असा अर्थ घेतला की, मेंदूतील 'सुखाचे ठाणे' सापडले, आणि व्यसनी माणूस सुखासाठी व्यसन करतो. आम्हीही मुलांस हेच सांगत आलो : क्षणिक सुखासाठी आयुष्य नासवू नका. परंतु अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे बेरिज आणि रॉबिन्सन यांनी १९९३ पासून जो विचार मांडला, तो आमच्या या उपदेशाच्या मुळाशीच हात घालतो. ते म्हणतात की, एखादी वस्तू आवडणे आणि ती हवीशी वाटणे या मेंदूच्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. डोपामाइन नावाचे जे द्रव्य मेंदूत पाझरते त्याचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले, ते अन्नाकडे आपण होऊन वळत नाहीत. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले, तर इतर उंदरांप्रमाणेच ओठ चाटतात. आवड शाबूत, ओढ नाहीशी. व्यसनात याच्या उलट घडते : आवड विरत जाते आणि ओढ वाढत जाते. शेवटच्या काही वर्षांत तंबाखू आम्हांस मुळीच आवडत नव्हती. तोंड पोळत असे, पोटात मळमळत असे. तरीही घंटा झाली की हवी असे. 'आवडत नाही, तर घेतोस कशाला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि व्यसनी माणसास त्याचे उत्तर देता येत नाही म्हणून आपण त्यास खोटारडा समजतो. प्रश्नच चुकीचा असतो.

ही ओढ घंटेशी, गल्लीशी, खोलीशी, मित्राच्या विशिष्ट हाकेशी बांधलेली असते. शिवाय ती काळाबरोबर सरळ कमी होत जाते असेही नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, कोकेन बंद केलेल्या उंदरांची, त्या पदार्थाशी जोडलेल्या खुणा दिसताच होणारी धडपड पहिल्या दोन महिन्यांत वाढतच गेली. माणसांविषयीचा पुरावा २०१६ साली आला. कोकेन सोडून दोन दिवसांपासून वर्षापर्यंतचा काळ लोटलेल्या ७६ जणांस त्या पदार्थाची चित्रे दाखवून त्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी मोजण्यात आल्या. 'ओढ किती वाटते?' असे तोंडी विचारले असता, जितके दिवस अधिक लोटले तितकी ती कमी, असे त्यांनी सांगितले. मेंदूचा जबाब मात्र निराळा निघाला. ज्यांनी सोडून एक ते सहा महिने झाले होते, त्यांचा मेंदू त्या चित्रांकडे सर्वांत जोराने धावत होता. म्हणजे 'आता मला काही वाटत नाही,' असे सांगणारा माणूस प्रामाणिकच असतो, आणि तरीही धोक्याच्या मध्यभागी उभा असतो. कोकेनचे निष्कर्ष दारूस जसेच्या तसे लावू नयेत, असे पुतणीने बजाविले आहे. परंतु हा एक ते सहा महिन्यांचा आकडा ऐकला, तेव्हा आम्ही वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी एका युद्धाची हकीकत सांगणे अवश्य आहे. १९७१ साली व्हिएतनाममध्ये लढणारे अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइनच्या आहारी गेल्याचे उघडकीस आले. हे हजारो तरुण घरी परतल्यावर काय होईल, या चिंतेने सरकारच हादरले, आणि ली रॉबिन्स या संशोधक बाईंकडे पाहणीचे काम सोपविण्यात आले. सप्टेंबर १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्यांपैकी सुमारे ९०० जणांच्या मुलाखती झाल्या. व्हिएतनाममध्ये असताना जवळजवळ पाचांतील एक जण हेरॉइनचा गुलाम झाला होता. परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी फक्त ५ टक्के पुन्हा गुलाम झाले. तीन वर्षांत, थोड्या काळापुरते धरूनही, १२ टक्के. यात आणखी एक बारकावा आहे. जे तेथे गुलाम झाले होते, त्यांतील सुमारे निम्म्यांनी घरी आल्यावर एकदा तरी हेरॉइन घेतले. तरीही त्यांतील बहुतेक पुन्हा त्यात बुडाले नाहीत. आणि यांपैकी बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते. मग हे घडले कसे? ते रणभूमी, ती छावणी, तो पुरवठा, ते सोबती सर्व समुद्रापलीकडे राहिले, आणि इकडे आईबाप, बायको, नोकरी, गाव त्यांची वाट पाहत होते. या निष्कर्षावर त्या काळी पुष्कळांचा विश्वास बसला नाही. कारण अमेरिकेतल्याच शहरांत ज्यांस हे व्यसन जडले होते, ते रुग्णालयातून बरे होऊन आपल्याच गल्लीत परतत आणि बहुतेक पुन्हा घसरत.

आता आमची गोष्ट. आम्ही निवृत्त झाल्यावर आपल्या वसतिगृहाच्या समितीवर काम पाहू लागलो. २०१७ च्या पावसाळ्यात तंत्रनिकेतनात शिकणारा एक मुलगा दारू पिऊन खोलीवर आला. हुशार होता, चित्रकलेत हात चांगला होता. चौकशीत कळले की, हा प्रकार वर्षभर चालू होता. समितीने त्यास बोलाविले, वडिलांस गावाहून बोलाविले, लेखी हमी घेतली, आणि कुलदैवताच्या तसबिरीपुढे नारळ ठेवून त्याच्याकडून शपथ घेवविली. ती शपथ आम्हीच सांगितली. शिक्षक असल्यामुळे असली कामे आमच्याकडे येत. मुलगा रडला. वडील आमच्या पाया पडू लागले, तेव्हा आम्ही त्यांस धरले. नंतर त्या मुलास त्याच खोलीत, त्याच खाटेवर ठेवले. खोलीची खिडकी ज्या गल्लीत उघडे तिच्या तोंडाशी दारूचे दुकान होते. ते आजही आहे. डॉक्टरांकडे नेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. एक गोष्ट मात्र घडली : इतर मुलांनी त्याच्याशी बोलणे टाकले. जेवणाच्या पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे राहत. आम्ही ते पाहिले होते, आणि मनात म्हटले होते की, बरे झाले, मुलांस धाक बसला.

पाच महिन्यांनी तो पुन्हा पिऊन आला. नियम स्पष्ट होता : दुसऱ्या अपराधास क्षमा नाही. समितीची बैठक वीस मिनिटांत आटोपली. वसतिगृहातून काढण्याच्या ठरावावर पाच सह्या आहेत, त्यांतील दुसरी आमची. त्याचे शेवटचे वर्ष होते. ते पुरे झाले नाही. तो आज कोठे आहे आणि कसा आहे हे आम्हांस ठाऊक आहे, परंतु ते येथे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. त्याचे वडील त्यानंतर या मेळाव्यास आलेले नाहीत.

त्या वेळी आम्हांस वाटले की, देवासमोरची शपथ जो मोडतो त्यास काय म्हणावे! आपण चंद्रभागेत सोडलेल्या चंचीची आठवण त्या बैठकीत आम्हांस झाली नाही. माणूस मोठा सोयीने विसरतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे व्हेनिरो, शहाम आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरास दोन खटके दिले. एक दाबला की मादक द्रव्य मिळे. दुसरा दाबला की पलीकडचे दार उघडे आणि दुसऱ्या उंदराची सोबत मिळे. हे उंदीर हेरॉइनची वा मेथॲम्फेटामाइनची चटक लागलेले होते. तरीही त्यांनी जवळजवळ प्रत्येक वेळी सोबतीचे दार निवडले. मात्रा वाढवून पाहिली, नर-मादी दोहोंवर पाहिले, कैक दिवस वाट पाहावयास लावून पाहिले. निवड बदलली नाही. मग संशोधकांनी दोन बदल केले. एकात सोबतीचे दार उशिरा उघडू लागले. दुसऱ्यात ते उघडताना उंदराच्या पायास विजेचा चटका बसू लागला. तेव्हा मात्र उंदीर द्रव्याकडे वळू लागले.

पंगतीतले ते दोन रिकामे पाट आमच्या डोळ्यांपुढे आले ते हे ऐकताना. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे आम्ही जाणतो, आणि सोबतीने सर्व व्यसने सुटतात असा सोपा सिद्धान्तही आम्हांस मांडावयाचा नाही. परंतु माणसांचीही पाहणी आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी नुकतीच दारू सोडलेल्या लोकांस त्यांच्या शेवटच्या पिण्याविषयी बोलते केले आणि त्याचे चित्रण केले. त्यांचे शब्द बाजूस ठेवून केवळ देहबोली पाहिली : खांदे आत ओढलेले, छाती आखडलेली. काही महिन्यांनी पुन्हा चौकशी केली, तेव्हा ज्यांच्या अंगावर लज्जेची ही चिन्हे अधिक होती, तेच पुन्हा पिण्याकडे अधिक वळले होते, आणि प्यालेही अधिक. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. आम्ही ३८ वर्षे मान खाली घातलेला विद्यार्थी सुधारला असे समजत आलो.

रामगणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, रंगभूमीवर आले. आपल्यांतील वृद्ध मंडळींस त्यातील पदे पाठ आहेत, सिंधूचे हाल ठाऊक आहेत आणि तळीराम तर म्हणीत जाऊन बसला आहे. परंतु सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो, कामधंदा मागण्यासाठी प्रतिष्ठित परिचितांकडे जातो आणि तेथे त्याच्या पदरी अपमान येतो, त्यानंतरच तो कायमचा प्याल्याकडे वळतो, हा भाग फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही शाळेच्या संमेलनात या नाटकाचे प्रवेश बसविले, पण तो प्रवेश कधी बसविला नाही. उंदरांचा प्रयोग होण्यापूर्वी ९९ वर्षे गडकऱ्यांनी तो चटका लिहून ठेविला होता.

येथे कोणी विचारील, 'गुरुजी, मग शिस्त नको काय? इतर मुलांचे काय?' प्रश्न रास्त आहे. जो मुलगा दुसऱ्यास दारू वा गांजा आणून देतो, विकतो, त्याच्याविषयी नियम कडकच असला पाहिजे; त्यात आम्ही अक्षरही बदलू इच्छीत नाही. परंतु जो स्वतः अडकला आहे तो पुन्हा घसरला, एवढ्याच कारणाने त्यास काढणे हे रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून रोग्यास दवाखान्यातून हाकलण्यासारखे आहे. ही उपमा आमची नव्हे. २००० साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, उपचारानंतर व्यसनात पुन्हा घसरण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, आणि रक्तदाब व दमा यांच्या रोग्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के. रक्तदाब वाढला तर आपण गोळी बदलतो. दारू उलटली तर नियम दाखवितो. व्यसनमुक्ती केंद्रातील माणसे यास साधेपणाने 'स्लिप' म्हणतात आणि पुन्हा कामास लागतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीच्या आधारे सुरू केलेल्या मुक्तांगणाने हा दृष्टिकोण महाराष्ट्रात रुजविला. आपल्या ज्ञातीतीलही काही जण तेथून बरे होऊन आले आहेत. ते सांगत नाहीत. आपण सांगू देत नाही.

माताभगिनींसाठी दोन गोष्टी घाईने का होईना पण सांगितल्याच पाहिजेत. जो माणूस वर्षानुवर्षे रोज सकाळपासून पितो त्याची दारू शपथ घालून एका रात्रीत बंद करू नये. अशा वेळी झटके येतात, भ्रम होतो, आणि प्रसंगी प्राणही जातो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. तसेच 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून चहा-भाजीत कसलीही पूड मिसळू नये. डायसल्फिरम नावाचे औषध दारूबरोबर पोटात गेल्यास माणूस अत्यवस्थ होतो. ते रोग्यास न कळविता देणे अत्यंत धोक्याचे आहे. हल्ली मधुमेहावरील व वजनावरील सेमाग्लुटाइड या औषधाची चर्चा आहे. २०२५ साली ४८ जणांवर नऊ आठवडे केलेल्या चाचणीत त्याने पिण्याची ओढ आणि मात्रा कमी झाली हे खरे. पण ४८ म्हणजे आमच्या एका वर्गाएवढी माणसे. वाट पाहावी. मुलांच्या हातातील मोबाइलवरील रमी हाही याच कुळातील प्रकार आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, हे उत्तमच झाले. त्यावर निराळे व्याख्यान होईल.

घरच्यांनी काय करावे, याविषयीही मोजमाप झाले आहे. १९९९ साली अमेरिकेत १३० कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध झाली. उपचारास तयार नसलेल्या मद्यप्याच्या घरच्यांस तीन निरनिराळ्या पद्धती शिकविल्या. काहींस सांगितले की, सर्वांनी मिळून त्यास समोर बसवून खडसावावे. त्यांच्यातील ३० टक्के घरांत माणूस उपचारास गेला. काहींस समदुःखी कुटुंबांच्या सभांस जाऊन स्वतःस सावरावयास सांगितले. तेथे १३ टक्के. तिसऱ्या गटास असे शिकविले की, तो न प्यालेला असेल तेव्हा त्याच्याशी बोलावे, जेवावे, फिरावयास जावे. प्यालेला असेल तेव्हा भांडण न करता दूर व्हावे, आणि योग्य वेळ पाहून उपचाराची गोष्ट काढावी. तेथे ६४ टक्के. आमच्या पुतणीने हे वाचून दाखविले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, 'बडीशेपेच्या डबीचेही त्यात लिहून घ्यायला सांगा.'

आता कोणी म्हणेल की, हे सर्व करण्यास तज्ज्ञ कोठून आणावयाचे? अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली, २०१९ साली प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय पाहणी सांगते की, दारूवर पूर्णपणे अवलंबून झालेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही मदत मिळते. तज्ज्ञ अपुरेच आहेत. परंतु गोव्यात 'संगथ' या संस्थेने जे केले ते आमच्यासारख्या मॅट्रिकांस धीर देणारे आहे. मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांस त्यांनी प्रशिक्षण दिले आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविले. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांची पाहणी झाली. निम्म्यांशी या माणसांनी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद केला. तीन महिन्यांनी त्यांतील ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले. नुसत्या नेहमीच्या दवाखान्याच्या सल्ल्याने २६ टक्के आले होते. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेले एका बाजूस ४२ टक्के, दुसऱ्या बाजूस १८. वर्षानंतरही हा फरक टिकून होता. चार बैठका! आपण एका मुंजीच्या तयारीसाठी याहून अधिक बैठका घेतो. शासनाचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनीही आहे. तो वसतिगृहाच्या फळ्यावर लिहावा, अशी आमची चिटणीसांस विनंती आहे.

आज दुपारी चार वाजता भरणाऱ्या सर्वसाधारण सभेत आम्ही वसतिगृहाच्या नियमात बदल सुचविणार आहोत. त्याचा आशय असा. व्यसन आढळल्यास विद्यार्थ्यास आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे न्यावे, आणि खर्च मंडळाने करावा. त्याची जागा उपचार चालू असेतो त्याच्या नावे राखावी. परतल्यावर त्यास मागील अंगणाकडील खोली द्यावी, गल्लीकडील नव्हे. पहिले सहा महिने समितीतील एका सभासदाने आठवड्यातून दोनदा त्याच्या शेजारी बसून जेवावे; या कामी आम्ही आपले नाव प्रथम देतो. पुन्हा घसरणे हे काढून टाकण्याचे कारण समजू नये. लेखी हमी आणि नारळ बंद करावे. आणि लग्नकार्यांत मंडळाच्या कार्यालयामागे जी 'सोय' केली जाते, जिच्याकडे आपण सर्वजण पाठ करून उभे राहतो, तीही बंद करावी. हे कलम मंजूर होईल अशी आशा आम्हांस थोडीच आहे.

गेल्या महिन्यात आम्ही त्या मुलाच्या वडिलांकडे जाऊन आलो. त्यांनी बसविले, चहा दिला, पावसापाण्याची चौकशी केली. तो विषय काढला नाही. निघताना उंबऱ्यात उभे राहून आम्हीच म्हणालो की, तो ठराव चुकला होता, आणि त्यावरील आपल्या सहीचे आम्हांस वाईट वाटते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'गुरुजी, काढलं तेव्हा सभेत वाचून दाखवलं होतं. हेही तिथंच सांगा.'

ते आज येथे सांगितले. ठरावाचा मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.